दोन सूत जास्त

दादा फक्त दारं करतो. कपाटं नाही, टेबलं नाही, पलंग नाही. कोणी फारच आग्रह केला तर म्हणतो, "पलंगावर माणूस झोपतो. दारातून माणूस परत येतो. मला ते बघायला आवडतं."

त्याच्या कारखान्याच्या वरच्या खोलीत मी भाड्याने राहतो. कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड, भुश्शाचा वास आणि भिंतींना टेकून उभी केलेली दारं. त्यांच्यापलीकडे काहीच नसतं. पहिल्या महिन्यात त्यांच्या मधून चालताना मला अवघडायला व्हायचं. मग सवय झाली.

लाकूड मापापेक्षा दोन सूत जास्त कापायचं, हा त्याचा नियम. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. जास्तीचं रंध्याने काढता येतं. कमी पडलं तर कुणाच्या बापाला वाढवता येत नाही. हे तो प्रत्येक नव्या कारागिराला ऐकवतो. वाक्य त्याच्या वडिलांचं. तेही दारंच करायचे. अक्षरही त्याने त्यांचंच उचललंय: डावीकडे कललेलं, आकड्यांची पोटं दाबलेली.

एकच माप तो नेमकं घेतो. मुलीचं.

ती साडेपाच वर्षांची आहे. तिला घरात पाचर म्हणतात, कारण जन्मल्यापासून ती आईबापांच्या मध्ये घुसून झोपते आणि निघता निघत नाही. दर उन्हाळ्यात तिघं नातेवाइकांकडे फिरतात. ज्या घरी जातील तिथे दादा पहिल्यांदा तिला चौकटीला पाठ लावून उभी करतो. डोक्यावर गुण्या ठेवतो, सुताराचा काटकोन असतो तो. पेन्सिलीचं टोक जिभेला लावतो, रेघ ओढतो, बाजूला तारीख घालतो. ती पेन्सिल ओली केली की जांभळी उमटते आणि लाकडात मुरते.

या सगळ्या घरांची दारं घरच्यांनीच केलेली आहेत. कोणी घर बदललं तर दार आणि चौकट सोबत नेतात. "लोक भांडीकुंडी हलवतात," वहिनी म्हणतात, "आमच्याकडे दार हलवतात. नव्या घरमालकाला आधी भिंत फोडायची परवानगी मागायची, मग भाडं विचारायचं."

या उन्हाळ्यात मी त्यांच्यासोबत गेलो, गाडी चालवायला. दादाला चालवता येत नाही. तो रस्ता सरळ आहे का ते एक डोळा मिटून बघत बसतो, असं वहिनींचं म्हणणं.

पहिला मुक्काम त्याच्या बहिणीकडे. तिच्या मुलाचा वाढदिवस होता. जिन्यापासूनच फुगे बांधले होते. पाचर धावत वर गेली आणि सवयीने चौकटीला पाठ लावून उभी राहिली. दादाने गुण्या काढला आणि थांबला.

गेल्या वर्षीच्या रेघेच्या वर नवी रेघ होती. बाजूला त्या दिवसाची तारीख. त्याच्याच अक्षरात.

"ताई, हा तुझा चावटपणा?"

"मला दुसरी कामं नाहीत का रे? सकाळपासून वीस पोरांचं करतेय मी."

त्याने गुण्या पाचरच्या डोक्यावर ठेवला. रेघेला लागला. केसभरही फरक नाही.

"ताईने मला नेमकं कधी मोजलं?" पाचरने विचारलं, कारण बाप जसं बोलतो तसंच ती बोलते. सगळे हसले. दादाही हसला, पण केक कापेपर्यंत दोनदा दाराशी जाऊन आला.

दुसरा मुक्काम थोरल्या भावाकडे. त्याच्या लग्नाला पंधरा वर्षं झाली होती. मागच्या अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या, आणि थोरला नव्या शर्टात घामाघूम होऊन सगळ्यांना "बसा, बसा" म्हणत होता.

त्याच्याकडची चौकट आईवडिलांच्या घरची. तिच्यावर पाचरच्या खुणांच्या अलीकडे जुन्या खुणांच्या रांगा आहेत. एक थोरल्याची, एक ताईची, एक दादाची. कडेला चौथी रांग. ती कडीच्या खाली येऊन थांबते.

"ही कोणाची?" मी वहिनींना विचारलं.

"धाकटीची." त्यांनी आवाज खाली आणला. "यांच्यानंतरची. पाच पूर्ण व्हायच्या आत ताप आला, दोन दिवसांत गेली. शेवटच्या उन्हाळ्यात ती यांच्या मामांकडे पोचलीच नाही, म्हणून तिथल्या चौकटीवर तिची त्या वर्षीची खूण नाही. सासरे नंतर ती रिकामी जागाच बघत बसायचे म्हणे. यांच्यासमोर विचारू नका हं."

एरवी नवऱ्याला अरे-तुरे करणाऱ्या वहिनी सासर-माहेरच्या घरात शिरल्या की 'हे' आणि 'यांच्या'वर येतात.

पाचरची नवी रेघ तिथेही होती. त्या दिवसाची तारीख.

थोरला चष्मा कपाळावर चढवून बघत राहिला. "परवाच चौकटीला रंग दिला मी. जुन्या खुणांवर कागद चिकटवून दिला. ही रेघ रंगाच्या वर आहे."

"मग तूच काढलीस."

"माझं अक्षर असं असतं तर वडिलांनी मला मारलं असतं का?"

कोणी हसलं नाही. जेवणं झाली. थोरल्याने बायकोला अंगठी दिली, ती बोटात गेली नाही, मग हसू आलं. दादा हसला नाही. तो चौकटीकडे पाठ करून बसला होता आणि मान वळवायची नाही असं त्याने ठरवलं होतं, हे त्याच्या खांद्यांवरून कळत होतं.

गाडीत तो म्हणाला, "काकांकडे एक दिवस आधी जाऊ."

काका म्हणजे त्याचे चुलते. त्यांच्या निवृत्तीचा समारंभ रविवारी होता. आम्ही शनिवारी दुपारी, न कळवता पोचलो. दारात नुसती गडबड. काकू म्हणाल्या, "अगंबाई, उद्या ना रे तुम्ही? मी अजून गाद्याही काढल्या नाहीत!"

दादाने त्यांना नमस्कारही केला नाही. सरळ चौकटीकडे गेला.

रेघ होती. तारीख शनिवारची. त्याने बोट लावलं. बोटाला जांभळं लागलं. रेघ ओली होती.

"पाचर, इकडे ये. उभी राहा."

"नाही."

"अगं, नेहमीसारखं."

"आत्ताच तर मोजलंस," ती वैतागून म्हणाली. "आधी तिचं, मग माझं."

"कोणाचं आधी?"

"त्या मुलीचं."

घरात शेजारपाजारची बरीच पोरं होती. वहिनींनी एकेकीकडे बोट दाखवून विचारलं, ही का, ती का. पाचर प्रत्येक वेळी मान हलवत राहिली आणि मग कंटाळून मांजरामागे गेली.

त्या दोन दिवसांत दादामध्ये एक बदल झाला. तो घाबरायचा थांबला. रविवारी काकांच्या सत्कारात त्याने टाळ्या वाजवल्या, दोनदा वाढून घेतलं. मला बाजूला घेऊन म्हणाला, "तू शिकलेला आहेस, सांग. तीन ठिकाणी ती पोचायच्या आधी तिची खूण पोचली. म्हणजे ती पोचणार हे कोणाला तरी आधी ठाऊक होतं. बरोबर?"

"बरोबर."

"मग चांगलंच आहे की."

मागे वहिनी उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "आणि पुढच्या घरी नसली तर?"

पुढचं घर वहिनींच्या माहेरचं. त्यांच्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. तीनशे किलोमीटरचा रस्ता. पाचर मागच्या सीटवर वहिनींच्या मांडीवर झोपली होती. दर थोड्या वेळाने वहिनी तिच्या नाकाखाली बोट धरायच्या. मला आरशात दिसायचं. दादा म्हणायचा, "हळू चालव." मी चाळिसाने चालवत होतो. तो परत म्हणायचा, "हळू."

घर पहिल्या मजल्यावर. खाली वहिनींच्या वडिलांचं सायकलींचं दुकान. लग्नासाठी रस्त्यावर मांडव घातला होता. दादा म्हणाला, "गाडीतच थांबा," आणि एकटा वर गेला.

बराच वेळ गेला. मग मी वर गेलो. तो चौकटीसमोर गुडघ्यांवर बसला होता. गेल्या चार वर्षांच्या खुणा होत्या. वर कोरं लाकूड. आतून बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता. कोणीतरी साडीच्या पिना मागत होतं.

"नाही," तो म्हणाला.

"दादा, नसली तर नसली. नेहमीसारखी आत्ता काढू."

त्याने माझ्याकडे बघितलं.

मग त्याने पेन्सिल जिभेला लावली. एक डोळा मिटला. हवेत पाचरची उंची धरली, जशी तो कुठलीही उंची धरतो, आणि रेघ ओढली. बाजूला तारीख घातली. "आता आण तिला," म्हणाला.

वहिनी तिला कडेवर घेऊन आल्या. रेघ पाहताच त्यांनी मोठा श्वास सोडला आणि भिंतीला टेकल्या. पाचर उभी राहिली. दादाने गुण्या ठेवला.

गुण्या रेघेच्या खाली होता. अंतर दोन सूत.

हे फक्त त्याच्याच हातून होणार. त्याचा डोळा चुकला नव्हता. हाताने सवयीने मापावर दोन सूत जास्त ठेवलं होतं.

त्याने पिशवीतून लहान रंधा काढला. जास्तीचं काढता येतं. रेघेवरून एकदा रंधा फिरला. पातळ साल निघालं. रेघ खालच्या लाकडातही होती. दुसऱ्यांदा फिरवला. आतल्या खोलीत गेलेली पाचर किंचाळली, "माझे केस कोण ओढतंय?"

वहिनींनी त्याचं मनगट धरलं. "ठेव तो." माहेरात असूनही अहो-जाहो विसरल्या. "ठेव. तू तिला सोलतोयस."

रंधा खाली पडला.

"मग आता?" मी विचारलं.

"ती इथवर येईपर्यंत इथून हलायचं नाही," दादा म्हणाला. "खूण तिच्या आधी पोचायला हवी होती. पोचली. आता तिने पोचायचं."

लग्न झालं. दादा फोटोत आहे, नवरीच्या मागे, एक हात पाचरच्या डोक्यावर. पाहुणे गेले, मांडव सुटला. ते तिघं राहिले. नवी नवरी माहेरी येऊन परत गेली, तरी ते होतेच. वहिनींचे वडील मला जिन्यात गाठून म्हणाले, "जावईबापूंचं काही बिनसलंय का? राहू देत हो, माझं काही नाही. पण दिवसभर दाराशी बसतात. गिऱ्हाइकं मला विचारतात, वर पहारा कशाचा."

मी गाडी घेऊन परत आलो. कारखान्यात गिऱ्हाइकं येऊन दारं विचारायची. मी सांगायचो, दादा गावाला गेलाय. रोज संध्याकाळी वहिनींचा फोन यायचा. "अजून सूतभर आहे." "अर्धं राहिलं." कुत्र्याच्या पिलासारखं खायला घालतेय, म्हणायच्या. घरात पाचरला कोणी उड्या मारू देत नव्हतं. ती बिचारी दिवसभर दुकानात सायकलींच्या घंट्या वाजवायची.

एकदा वहिनी म्हणाल्या, "मला एक सुचलं. हसू नका. आधीची तिन्ही दारं सासऱ्यांच्या हातची. माझ्या माहेरचं दार यांनी एकट्याने केलेलं, आमच्या लग्नात दिलेलं. सासरे तोवर गेले होते. त्यांनी माझं माहेर बघितलंच नाही. त्यांना पत्ताच ठाऊक नसेल."

मी हसलो नाही.

सदतिसाव्या दिवशी सकाळी फोन आला. "लागलं," त्या म्हणाल्या आणि रडल्या. "डोकं लागलं. आम्ही बसने निघतोय. घर उघडून ठेवाल का?"

त्यांचं घर कारखान्याच्या मागेच. दार त्याच्या वडिलांनी केलेलं, शेवटचं. मी किल्ली घेतली. दादाची एक पेन्सिलही घेतली. कशाला ते तेव्हा मला स्वतःशी कबूल करायचं नव्हतं. गरज पडली तर नेमकी रेघ ओढायची, वर काही ठेवायचं नाही, एवढं ठरवलं होतं.

कुलूप काढलं. चौकटीवर बघितलं.

खूण होती. त्या दिवसाची तारीख. दीड महिना कोणी या दारातून आत गेलं नव्हतं. मी पेन्सिल खिशात ठेवली, पायरीवर बसलो आणि बरं वाटण्याची वाट बघितली. तेव्हा खाली लक्ष गेलं.

कडीच्या थोडं खाली दुसरी रेघ होती. तिच्याजवळ तारीख नव्हती.

संध्याकाळी ते आले. पाचर गाडीकाका, गाडीकाका करत धावत आली आणि आपोआप चौकटीला पाठ लावून उभी राहिली. गुण्या रेघेला लागला. वहिनींनी पिशव्या तिथेच सोडल्या आणि तिला छातीशी धरलं.

दादाने खालची रेघ पाहिली. जमिनीपासून तिथवर आपली वीत टाकत गेला. थोरल्याकडच्या चौथ्या रांगेचं ते माप त्याला पाठ असावं. शेवटची वीत पुरी होण्याआधीच त्याचा चेहरा बदलला होता.

"सांगितलं होतं ना," पाचर म्हणाली. "आधी तिचं मोजतात."

मी खिशातली पेन्सिल पुढे केली. दादाने टोक जिभेला लावलं आणि खालच्या रेघेशेजारी वडिलांच्या अक्षरात तारीख घातली. वरच्या रेघेची जी होती तीच.

मग तो दारातून बाजूला झाला. आम्ही सगळे आत गेलो. तो चौकटीला हात लावून तसाच उभा राहिला, अजून कोणीतरी आत यायचं राहिलंय अशासारखा. थोड्या वेळाने त्याने दार लोटलं. कडी लावली नाही.