तोंड नका बघू, हात बघा

शिरूरहून भाच्याचा फोन आला तेव्हा मी पाटसच्या घरी भाकरी थापत होते. "मामी, आई गेली..." पुढचं काही ऐकूच आलं नाही. महिना होत आला त्याला. कमलवन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, शिरूरला अंगणवाडी चालवायच्या. सगळी भावकी त्यांना भांडखोर म्हणायची. होत्याच त्या भांडखोर! म्हणून तर माझी रंजना आज स्वतःच्या पायांवर उभी आहे.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. रंजना जन्मतः आंधळी. सगळ्यांचा जीव तिच्यावर, त्यामुळे तिला कुणी खाली म्हणून ठेवायचं नाही. या कडेवरून त्या कडेवर. वर्षाची झाली तरी पोर रांगेना. वन्सं तेव्हा अंध बाळांना कसं वाढवायचं त्याचं शिक्षण घेऊन आल्या होत्या. आल्या आल्या त्यांनी तिला माझ्या कडेवरून काढलं आणि सारवलेल्या अंगणात पालथं घातलं. सासूबाई ओरडल्या, "आगं, लागंल की पोरीला!"

"लागू दे आई. कडेवर बसून जमीन कवा कळायची तिला?"

आमची मेंढरं कधीच विकली होती, पण मेंढ्याच्या गळ्यातली पितळी घंटा खुंटीला होती. वन्संनी ती आधी रंजनाच्या हातात दिली, मनसोक्त चाटू दिली, मग जराशी लांब नेऊन वाजवली. पोर एकदम गप्प. चेहऱ्यावर काहीच नाही. "हिला काय बी कळत न्हाई," सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. वन्सं उसळल्या, "कान देऊन ऐकतीया ती! तोंड नका बघू, हात बघा." खरंच... इवली बोटं उघडत मिटत घंटा शोधत होती. मला रडूच फुटलं.

मग वन्सं सुट्टी मिळेल तेव्हा एसटीनं यायच्या. कुणी "बिचारी" म्हणालं की म्हणायच्या, "उंबऱ्याच्या भाईर जाऊन म्हणा." एके दिवशी घंटेमागं सरपटत गेलेली रंजना जात्यावर आपटली. सासूबाई धावल्या, तर वन्संनी त्यांचा हात धरून ठेवला. कपाळाला टेंगूळ आलं, पण घंटा तिनं मिळवलीच.

दहाव्याला शिरूरला बायका कुजबुजल्या, "आत्यानं एवढं केलं, पर पोरीच्या तोंडावर दुःखाची रेघ हाय का?" माझं डोकंच फिरलं. सगळ्यांदेखत म्हणाले, "तोंड नका बघू. हात बघा!"

रंजनानं घंटा सोबत आणली होती. ती वाजू नये म्हणून आतला लोलक तिनं असा आवळून धरला होता, की बोटं पांढरीफटक पडली होती.