बाबांनी पुसलेल्या सीडी

आईचं तेरावं आटोपलं आणि मी बाबांच्या घमापुरातल्या घरून सव्वाशे सीडी स्कूटरच्या डिक्कीत कोंबून राइट टाउनला माझ्या घरी आणल्या. आपल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांच्या सीडी त्या. जपणारा माणूस म्हणून मंडळानं सगळ्या बाबांकडेच ठेवल्या होत्या. आई नेहमी कोरसमध्ये मागं उभी राहायची. एकटी गायली ती एकदाच, एका गणपतीत. ते एक गाणं मला हवं होतं, कारण तिचा आवाज दुसरीकडे कुठंच नव्हता. हातात फोन असून कोणी कधी रेकॉर्ड केला नाही. शहाणे ना आम्ही!

पण ती सीडी ओळखायची कशी? मार्करनं लिहिलेलं सगळं पुसलं गेलेलं. बाबा दर रविवारी स्पिरिटचा बोळा घेऊन सीडी पुसायला बसत. म्हणून मी सरसकट सगळ्याच कॉम्प्युटरवर उतरवायला घेतल्या. घाला, थांबा, काढा. अध्यक्षांची भाषणं, पोरांची नाटकं, खुर्च्या ओढल्याचे आवाज. बऱ्याच सीडी मध्येच अडकत, ड्राइव्ह नुसता घरघरत राही. मला रडू येत नव्हतं. भूक लागली की जेवत होते, झोप आली की झोपत होते. लोक म्हणत, पोरगी मोठी धीराची. कसला आलाय धीर! आत काही हलतच नव्हतं.

नव्वदेक सीडींनंतर ती सापडली. निवेदकानं आईचं नाव घेतलं, टाळ्या पडल्या, पेटीचा सूर लागला आणि पुढं टक टक टक. पुसून पाहिली, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली. तेच. शेवटी दुकानात नेली. दुकानदारानं उजेडात धरली.

"दीदी, ये किसी ने गोल-गोल घिसा है. सीधा पोंछते हैं, बीच से बाहर. अब कुछ नहीं होगा."

बाबांचा जन्म फॅक्टरीत पितळी पार्टांना पॉलिश मारण्यात गेला. गोल हात फिरवायचा, चमक येईपर्यंत. घरची समईही ते तशीच घासत आणि सीडीही.

मी तशीच घमापुरात गेले. बाबा खुर्चीत बसले होते.

"सापडली काय, बाई?"

"सापडली. पण तुम्ही घासून घासून वाट लावली ना तिची! काहून पुसत होते दर रविवारी? कोणी सांगितलं होतं?"

एवढं बोलले, पण रागसुद्धा धड आला नव्हता. शब्द नुसते तोंडातून पडले.



"धूळ बसून राहिली होती ना," बाबा म्हणाले. "अच्छा, जाऊ दे. मला तं अजून ऐकू येते ती. सकाळी चहाच्या वेळेला येतेच. तुला येते ना?"

"येते ना, बाबा."

खोटं बोलले. आई जाऊन महिनाही झाला नव्हता, आणि तिचा आवाज मला आठवत नव्हता.