मऊ मातीचं मैदान

वैशाखातली सकाळ, आमच्या मुळशीतल्या गावाचं गायरान, आणि मी सरपंचांच्या देखत धावत येऊन धाडकन पालथा पडलो... एकदा नाही, तीनदा. उठून दोन्ही गुडघे दाखवले. कुठं खरचटलंसुद्धा नव्हतं.

साठच्या दशकातली गोष्ट. मी विशीतला, गावच्या हुतूतू संघाचा कॅप्टन, आणि डोक्यात त्या कॅप्टनपणाची भरपूर हवा. शाळेजवळचं आमचं मैदान सरकारी गोदामासाठी गेलं होतं. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं, फक्त कळवलं होतं. त्यावर मी चावडीत जाऊन केवढा तमाशा केला होता...

तर नवी जागा बघायला आम्ही तिघं निघालो. सरपंच तात्या, तलाठी आणि मी. ओढ्याकाठची जागा सपाट होती, पण आमच्याकडच्या पावसात तिथं दसऱ्यापर्यंत चिखल. डोंगराच्या पायथ्याचा माळ कोरडा, पण नुसता मुरूम. तिथं एक पकड झाली की गुडघे सोलून निघणार. बाकी जेवढी म्हणून सपाट जमीन होती ती सगळी भातखाचरं, आणि त्यातली बरीचशी तात्यांच्या भावकीची. तिकडं आम्ही बघितलंसुद्धा नाही.

राहिलं गायरान. त्याच्या कडेला बिरूचं घर होतं. घरापुढच्या सपाटीवर त्यांच्या शेळ्यामेंढ्या बसायच्या, त्याच्या आज्याच्या काळापासून. कागद मात्र एकही नाही. धनगराचा हा बिरू आमच्या संघाचा सगळ्यात भारी गडी. चढाईला गेला की एकाला तरी बाद करूनच परतायचा. माझा मित्र... निदान तोपर्यंत तरी.

त्या दिवशी तो कळप घेऊन रानात गेला होता. घरी त्याची आई होती. तिनं आम्हाला माठातलं पाणी दिलं. मी मातीवर पडून बघत होतो तेव्हा ती तोंडाला पदर लावून हसत होती. आम्ही कशाला आलोय ते तिला अजून कळलं नव्हतं.

तात्यांनी विचारलं, "बोला कॅप्टन, कंची जागा?"

मी म्हटलं, "हीच."

बिरूच्या दारातच मैदान होईल, त्याला आनंदच होईल, अशी मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःची समजूत घालत होतो. साफ खोटं. त्या क्षणी माझ्या डोक्यात बिरू नव्हताच. फक्त माती होती.

त्याच्या आईचं हसू गेलं. म्हणाली, "मग आमी जनावरं कुटं बसवायची, तात्या?" तात्या म्हणाले, "वर पठारावर लई जागा हाय की." पठारावर बिबट्याचा वावर होता आणि पाणी अर्ध्या डोंगरावरून वाहून न्यावं लागायचं. हे तात्यांना माहीत होतं. मलाही होतं.

संध्याकाळी बिरू माझ्या दारात आला. उंबऱ्याच्या आत आला नाही. "आदी मला इचारायचं व्हतंस," एवढं बोलला आणि गेला. महिन्याभरात त्यांनी घर वर हलवलं. तो पुन्हा कधी खेळायला आला नाही.

आम्ही कळपाच्या जागेभोवतीचं काटेरी कुंपण उपटलं, फक्कीनं रेषा मारल्या, नारळ फोडला. दसऱ्यानंतरचा पहिला हंगाम मजेत गेला, हे कबूल केलं पाहिजे. मग दुसरा पावसाळा झाला, वरची उरलीसुरली माती धुपून गेली. होळीपर्यंत सगळी जमीन दगडासारखी कडक झाली आणि खालचा मुरूम डोकं काढू लागला...

आता खरी लाज सांगतो. आमच्याकडं दर उन्हाळ्यात शेतकरी धनगरांच्या मागं लागतात, यंदा आमच्या खाचरात मेंढरं बसवा म्हणून. माझे वडीलही त्यासाठी बिरूच्या बापाला धान्य द्यायचे. लेंड्या मुरल्या, खुरांनी माती भुसभुशीत झाली की भात जोमानं येतं, हे आमच्या गावात शेंबड्या पोराला कळतं. आणि अख्ख्या गायरानात तेवढाच तुकडा मऊ का, हे आम्हा तिघा शहाण्यांच्या डोक्यात आलं नाही.

तोडगा तात्यांनीच काढला. बिरूला सांगून मैदानावर पंधरा दिवस कळप बसवून घेऊ. आणि सांगायला कोण जाणार... कॅप्टन.

नारळ घेऊन मी पठारावर गेलो. नवं कुंपण माझ्या डोक्याहून उंच होतं. जनावरं निम्मीसुद्धा दिसली नाहीत. का, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. बिरू पाठ करून दोरी वळत बसला होता, त्यानं मान वळवली नाही.

त्याच्या आईनं आधी पाणी दिलं. मी ते प्यालो आणि खाली मान घालून कशाला आलो ते सांगितलं. ती हसली, पहिल्या दिवशी हसली होती तशीच.

"ती माती आता तुमची हाय, बाबा. तुमीच बसा तिच्यावर."

नारळ तसाच परत आणला. त्या मैदानावर मी पुढं चार वर्षं खेळलो.

परवा नातीनं विचारलं, आजोबा, तुमच्या गुडघ्यांवर एवढे वण कसले? मी म्हटलं, हुतूतूचे. सगळ्यांना आजवर एवढंच सांगत आलो... बिरूच्या दारातल्या मातीवर मी तीनदा पडलो होतो आणि एकदाही खरचटलं नव्हतं, हे आज पहिल्यांदा लिहिलं.