भिंगरावांची मोटारसायकल

माझ्या नवऱ्याला मोठा बिघाड म्हणून काही असतो हे पटतच नाही. नळ गळू दे, पंखा कुरकुरू दे, सासूबाईंचा गुडघा दुखू दे, त्यांचं निदान ठरलेलं: "कुठेतरी कण अडकलाय." यात दोष त्यांच्या स्वभावाचा किती आणि धंद्याचा किती, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. ते चष्म्याच्या दुकानात काचा बसवतात. दिवसभर डोळ्याला भिंग लावून काचेवरचा ओरखडा शोधायचा, बिनफ्रेमच्या काचेला बारीक भोक पाडायचं, त्यात मुंगीएवढा स्क्रू फिरवायचा. संध्याकाळी भिंग दुकानात राहतं, पण नजर काही उतरत नाही. माझ्या नणंदेनं त्यांना भिंगराव नाव ठेवलं आणि ते घरात रुळलं. मी तोंडावर अहो म्हणते आणि पाठीमागे भिंगराव.

या भिंगरावांची एक मोटारसायकल आहे. आमच्या लग्नाहून जुनी, कार्ब्युरेटरवाली, किक मारून चालू करायची. आता नव्या गाड्या बटण दाबलं की सुरू होतात आणि बिघडल्या तर गुपचूप दुरुस्तीला जातात. ही जात नाही, कारण गॅरेजवाल्याचं फडकं मळकं असतं. एवढ्या एका कारणावरून गॅरेजवाला बाद. दर सुट्टीला सकाळी अंगणात पांढरी चादर अंथरली जाते आणि तिच्यावर कार्ब्युरेटर सुटा होतो. जेट नावाचा एक पितळी तुकडा असतो, त्याच्या भोकातून पेट्रोल जातं. तो उन्हात धरून, एक डोळा मिटून बघून, फुंकर मारून, पुन्हा बघून होतो. मी चहा घेऊन गेले की म्हणतात, "सावली पाडू नकोस." माझे दोन टूथब्रश आणि सासूबाईंचा मलमलचा रुमाल या कामी आले आहेत. दात घासताना पेट्रोलचा वास आला की समजायचं, काल सुट्टी होती.

तरी गाडी चालत होती, हे मी मान्य करते. म्हणून मी कधी फार बोलले नाही. धुसफुसले, पण बोलले नाही.

मग मला बढती मिळाली. मी औषधांच्या कंपनीत पॅकिंगला आहे. इतकी वर्षं जवळच्या गोदामात होते, चालत जायचे. आता कंपनीनं मला गावाबाहेरच्या कारखान्यात सकाळच्या पाळीची पर्यवेक्षक केलं. आमच्या गोदामातून तिथवर पोचलेली मी पहिलीच बाई. पण पहिले काही महिने चाचणीचे, जमलं तर पद कायम, नाही तर परत गोदामात लेबलं चिकटवायला. आणि पाळी इतकी लवकर सुरू होते की तोवर त्या बाजूला बस निघालेली नसते.

मी ही बातमी घरी सांगितली तेव्हा सासूबाईंनी माझ्या गालावरून हात फिरवला. भिंगराव जेवत होते. घास संपवून ते पाणी प्यायले आणि म्हणाले, "तो रस्ता खराब आहे."

बस. एवढंच. ना अभिनंदन, ना आनंद. थोड्या वेळानं म्हणाले, "मी सोडत जाईन," आणि हात धुवायला उठले.

पहिल्या सकाळी त्यांनी मला मागे बसवलं तेव्हा गाडी लोण्यासारखी चालत होती. गाव संपलं, वीटभट्टी गेली, चुन्याची वखार आली. तिथे रस्त्यावर पांढरी धूळ सतत उडत असते, ट्रक गेला की समोरचं दिसत नाही. नेमकी त्या वखारीपाशी गाडी खोकली, आचके दिले आणि बंद पडली.

भिंगराव उतरले. खिशातून घडीचा रुमाल काढून रस्त्याकडेला अंथरला, त्यावर चष्म्याचे स्क्रूड्रायव्हर उंचीप्रमाणे मांडले. प्लग काढला, पुसला, लावला. कार्ब्युरेटरचं खालचं भांडं सोडलं, ते कोरडं होतं. "बघ, पेट्रोल खाली येत नाहीये. कण अडकलाय." फुंकलं, पुसलं, पुन्हा बसवलं, किक मारली आणि गाडी चालू झाली. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी टाळ्या वाजवायला हव्या होत्या. मी घड्याळ बघत होते.

त्यानंतर हेच सुरू झालं. रोज नाही. रोज असतं तर मी केव्हाच निर्णय घेतला असता. आठवड्यातून एखाद-दुसऱ्या दिवशी, आणि कायम त्या वखारीच्या आसपास. घरून निघताना ठणठणीत, वखारीपाशी आचके, खाली बसून खटपट, मग पुन्हा चालू. दर वेळी कार्ब्युरेटर उघडून झाला की गाडी चालू व्हायची, त्यामुळे दर वेळी त्यांची खात्री पक्की व्हायची की कण होता आणि आपण तो काढला. टाकी भरलेली असली की गाडी आणखी लवकर बंद पडायची. यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की पंपावरचं पेट्रोलच घाण आहे. मग पंप बदलला. मग पेट्रोल घरी आणून मलमलीतून गाळून टाकीत ओतणं सुरू झालं. सासूबाईंचा दुसरा रुमालही गेला.

"अहो, टाकीतच धूळ जात असेल," मी एकदा म्हटलं. "बघता ना किती उडते इथे."

"टाकीत धूळ जाणं शक्यच नाही," ते म्हणाले. "ती सोय मी केलेली आहे."

कसली सोय, हे मी विचारलं नाही. मला त्या गाडीबद्दल आणखी एक शब्द ऐकायचा नव्हता.

कारखान्यात माझ्या हाताखालच्या मुली माझ्याआधी येऊन उभ्या राहायच्या आणि मी चुन्यानं पांढरी होऊन, केस विस्कटलेली, धापा टाकत आत शिरायचे. एकदा साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्तच लागलं. "बाई, काम तुमचं चोख आहे. पण पाळी ज्यांनी सुरू करायची त्याच उशिरा आल्या तर मी वर काय सांगू? आणखी एकदा असं झालं तर मला दुसरं कुणी बघावं लागेल."

बाहेर आले तेव्हा तपासणी विभागातली मैत्रीण थांबली होती. तिची स्वतःची चारचाकी आहे आणि ती आमच्या गल्लीच्या तोंडावरूनच येते. "किती दिवस त्या खटाऱ्यावर विसंबणार आहेस? सोमवारपासून माझ्याबरोबर चल. उद्या माझी रजा आहे, नाही तर उद्याच म्हटलं असतं."

मी हो म्हटलं. नवऱ्याला विचारलं नाही, सांगितलंही नाही.

घरी येऊन भाजी निवडताना सासूबाईंपाशी मात्र मन मोकळं केलं. त्यांनी हातातला देठ मोडला. मग हळूच म्हणाल्या, "अगं, त्याला तुझं इतक्या लांब जाणं नको असेल. लहानपणापासून असाच आहे. नको म्हणायचं नाही, नुसतं मध्ये काहीतरी आडवं येऊ द्यायचं. माझाच मुलगा आहे, मला ठाऊक आहे."

ते ऐकलं आणि मी मनात मागचे दिवस मोजले. खरंच की. इतकी वर्षं ही गाडी बाजारात, दवाखान्यात, लग्नाकार्यांना नेली तेव्हा धड होती. मला बढती मिळाली आणि हिचे आचके सुरू झाले. त्या दिवशी जेवताना काय म्हणाले होते? रस्ता खराब आहे. मला राग आला, आणि रागापेक्षा वाईट वाटलं. समोर म्हणाले असते तर मी भांडले असते, समजावलं असतं. हे असं गप्प राहून मला रोज रस्त्यात उभं करायचं म्हणजे काय?

दुसऱ्या दिवशी, म्हणजे शनिवारी, आम्ही निघालो. आदल्या संध्याकाळीच टाकी काठोकाठ भरली होती, अर्थात गाळून. मी मागे बसून मनात म्हणत होते, आजचा दिवस निभाव, मग तू आणि तुझा मालक सुखानं नांदा. वीटभट्टी गेली. वखार दिसायला लागली आणि गाडी खोकली.

"उतर," भिंगराव म्हणाले, आणि खिशात रुमालासाठी हात घातला.

त्या रुमालाची घडी बघूनच माझा तोल गेला. "खबरदार काही अंथरलंत तर! आधी टाकीत पेट्रोल आहे का ते बघू दे."

"काल तर भरलं."

"मला बघू दे!"

मी किल्ली उपसली, टाकीच्या झाकणाला लावली आणि होता नव्हता तो सगळा राग काढत ते फिरवलं. झाकण सहज निघेना, आतून कुणी ओढून धरावं तसं बसलं होतं. जोर लावला तेव्हा सुटलं आणि आत हवा शिरली, फुस्स करून. दोघांनीही ते ऐकलं. पेट्रोल काठोकाठ होतं. मी झाकण आपटून बंद केलं आणि म्हटलं, "मारा किक."

"पण कार्ब्युरेटर अजून..."

"मारा म्हणते ना!"

दुसऱ्या की तिसऱ्या किकला गाडी चालू झाली. स्क्रूड्रायव्हर खिशातच होते. कारखान्याचं फाटक लागता लागता मी आत घुसले. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

दुपारी सिरपचं नवं पिंप आलं. त्याला दोन बुचं असतात, एक मोठं आणि एक छोटं. नवीन मुलीनं नुसतं मोठं उघडून पिंप आडवं केलं, तर सिरप डचमळत, अडखळत, आचके देत यायला लागलं. मी सवयीनं ओरडले, "अगं, ते वरचं छोटं उघड आधी. आत हवा नको का जायला?" तिनं उघडलं आणि धार सरळ लागली. मी तिथेच उभी राहिले. सकाळचा तो फुस्स आवाज माझ्या कानात पुन्हा झाला.

संध्याकाळी घरी आल्या आल्या चप्पलसुद्धा काढली नाही. भिंगराव अंगणात चादर झटकत होते. मी टाकीचं झाकण काढून त्यांच्या हातात दिलं. "याला कुठे हवा आत जायला भोक आहे का बघा."

"होतं," ते म्हणाले. "बारीक होतं. मी बुजवलं. बघ, कळतसुद्धा नाही." खरोखरच कळत नव्हतं. काचेला लावायचा चिकट गोंद भरून, घासून, त्यांनी ते इतकं सफाईनं बंद केलं होतं की नवं झाकणही तसं दिसलं नसतं. ते कौतुकानं मला दाखवत होते.

मी पिंपाची गोष्ट सांगितली. हवा आत गेली नाही तर पेट्रोल खाली येणार कसं, टाकी काठोकाठ असली की आत हवाच थोडी म्हणून ते आणखी लवकर अडतं, आणि तुम्ही कार्ब्युरेटर उघडून बसता तेवढ्या वेळात कुठून तरी थोडी हवा झिरपते म्हणून गाडी पुन्हा चालू होते, हेही सांगितलं. मला वाटलं वाद घालतील. त्यांनी झाकण उलटं केलं, सुलटं केलं. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"कधी बुजवलंत हे?" मी विचारलं.

ते झाकणाकडेच बघत राहिले. "तू पहिल्यांदा कारखान्यात जायच्या आदल्या दिवशी."

"म्हणजे मुद्दाम?"

"मुद्दामच तर. मी आधी एकटा जाऊन तो रस्ता बघून आलो होतो. त्या वखारीपाशी किती धूळ असते. म्हटलं, टाकीत कण गेला आणि गाडी वाटेत बंद पडली, तर तुला पहिल्याच दिवशी उशीर होईल." मग अगदी लहान आवाजात म्हणाले, "तू पर्यवेक्षक झालीस ना."

दारात उभ्या असलेल्या सासूबाई आत निघून गेल्या. मला रडू आलं आणि हसूही आलं, आणि राग तर जागच्या जागी होताच. मी म्हटलं, "अहो, हे तेव्हाच तोंडानं सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं की. रस्ता खराब आहे म्हणालो होतो."

मी चादरीवर त्यांच्यासमोर बसले आणि त्यांनी दुकानातली सर्वांत बारीक सुई आणून ते भोक मोकळं केलं. मग उजेडाकडे धरून आरपार दिसतं का ते मला बघायला लावलं. मी सावली पाडली, तरी काही म्हणाले नाहीत.

सोमवारी मी मैत्रिणीला नको म्हणून सांगितलं. आता गाडी बंद पडत नाही. पण भिंगरावांचा जीव कुठला स्वस्थ राहतोय? रोज वखारीपाशी आले की ते स्वतःच गाडी थांबवतात, उतरतात, झाकणावरची धूळ रुमालानं टिपतात, भोक उघडं आहे ना ते वाकून बघतात आणि मगच पुढे निघतात. त्यासाठी आम्ही घरून लवकर निघतो. ट्रक जातात, मी चुन्यानं पांढरी होते, मागे बसून चडफडते. उतरत मात्र नाही.