खानझोडे मॅडम आणि नाल्याचं पाणी

मंजूषा खानझोडेला बाटल्या भरायचा पगार मिळतो, असं तिच्या सासूबाई लोकांना सांगायच्या. ते अगदीच खोटं नव्हतं. भोपाळच्या गोविंदपुऱ्यातल्या एका छोट्या लॅबमध्ये ती केमिस्ट होती. कारखान्यांचं, खाणींचं सांडपाणी तपासायचं आणि अहवालावर सही करायची. माहेर नागपूरचं. लग्न होऊन अशोका गार्डनमध्ये आली त्याला बावीस वर्षं झाली. मुलं घरात निम्मं हिंदी बोलायची, भाजीवाल्याशी तीही. पण पाण्याच्या बाबतीत ती कुठल्याच भाषेत तडजोड करत नसे. कुणाकडे पाहुणी गेली तरी पेला आधी उजेडात धरायची. नवरा, उदय, तेवढा वेळ भिंतीवरचं कॅलेंडर वाचायचा.

दर तीन महिन्यांनी तिला भोपाळपासून चार तासांवरच्या एका भूमिगत कोळसा खाणीत जावं लागे. खाली साचलेलं पाणी पंपाने वर येतं आणि त्यात कोळशाची भुकटी असते. ते मोठ्या टाकीत थांबवायचं, गाळ तळाशी बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी नाल्यात सोडायचं, असा नियम. तो नाला पुढे दोन गावांतून जातो. नाल्यात पडणाऱ्या पाण्याचा नमुना घ्यायचं काम मंजूषाचं.

त्या ऑक्टोबरात खाणीचे मॅनेजर मनोहर उंबरकर स्वतः फाटकावर उभे होते. हे गृहस्थ यवतमाळचे.

"खानझोडे म्हणजे नागपूरच्या धरमपेठेतले का?" त्यांनी विचारलं.

"सासर भोपाळचं. माहेर मात्र नागपूरच्या महालातलं."

"माझ्या मावसभावाची सासुरवाडी महालातच आहे. म्हणजे नातंच निघालं की."

नातं निघाल्यावर पोहे निघाले, चहा निघाला. शेवटी ती नाल्याकाठच्या पाइपाशी पोचली. पाणी इतकं नितळ होतं की तिला बेचैन वाटायला लागलं. तिने वास घेतला. घरच्या नळाला सकाळी येतो तोच वास. तिने पिशवीतून औषधाची कुपी काढली आणि नमुन्यात दोन थेंब टाकले. पाणी पिवळं झालं.

"उंबरकर साहेब, खाणीत क्लोरीन कोण टाकतं?"

उंबरकरांनी नाल्याकडे पाहिलं. "भूगर्भात काय काय असतं, मॅडम. आपल्याला कुठे सगळं माहीत असतं."

तेवढ्यात पाइपाची धार बारीक झाली, थेंबथेंब पडली आणि थांबली. मागच्या झुडपांतून आवाज आला, "साहब, टंकी खाली हो गई. दूसरी लाऊँ क्या?"

मंजूषाने झुडपांत डोकावून पाहिलं. पाण्याचा टँकर उभा होता आणि त्याचा होज पाइपाच्या मागच्या तोंडात खुपसलेला होता.

"आता खाणीचं पाणी सोडा," ती म्हणाली. "मी थांबते."

"पंप बिघडलाय."

"दुरुस्त होईपर्यंत थांबते. डबा आणलाय."

तिने झाडाखाली खुर्ची मागवली, डबा खाल्ला आणि उंबरकरांनाही मेथीचा पराठा दिला. त्यांनी तो मान खाली घालून खाल्ला. पावणेतीनला पंप आपोआप दुरुस्त झाला. पाणी आलं ते शाईसारखं. तिने बाटली भरली आणि सील लावायला घेतलं.

"मला काय हौस होती का टँकर मागवायची?" उंबरकर हळूच म्हणाले. "पावसाळ्याआधी टाकीतला गाळ काढायला हवा होता. वरच्या ऑफिसला चार पत्रं लिहिली, उत्तर नाही. आज टँकर इकडे वळवले म्हणून खाणीच्या कॉलनीला पाणी नाही. सकाळपासून बायको माझ्याशी बोलत नाहीये."

मंजूषाला हसू आवरेना. हसतच तिने सील पक्कं केलं. मग म्हणाली, "त्या चार पत्रांच्या झेरॉक्स द्या. अहवालाला जोडते."

उंबरकरांनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि स्वतः झेरॉक्स काढून आणल्या.

लॅबमध्ये निकाल आला. एका लिटरमधला गाळ शंभर मिलिग्रॅमच्या आत हवा, तो निघाला सहाशे चाळीस. लॅबचे मालक विनायकराव अहवाल हातात धरून म्हणाले, "ग्राहक जाईल हो."

"जाऊ दे. सही माझी आहे."

सही करताना मात्र तिने मनात हिशेब मांडला. मोठीचं कॉलेज होतं, घराचे हप्ते होते. ते तिने उदयला सोडून कुणाला सांगितलं नाही.

अहवाल प्रदूषण मंडळाकडे गेला आणि खाणीला नोटीस आली. सोबतची पत्रं वाचल्यावर जाब उंबरकरांना नाही, वरच्या ऑफिसला द्यावा लागला. जे वर्षभर होत नव्हतं ते पाच आठवड्यांत झालं. टाकी उपसली, शेजारी दुसरी बांधायला घेतली. विनायकरावांचा ग्राहकही गेला नाही. उंबरकरांनीच वर कळवलं की खानझोडे मॅडमच्या अहवालावर कुणी शंका घेत नाही, तेव्हा त्याच हव्यात.

एप्रिलच्या फेरीत गाळ बहात्तर भरला. नमुना घेतला त्या दिवशी मंजूषा नाल्याच्या काठाने खालच्या गावापर्यंत चालत गेली. तिथे बायका धुणं धूत होत्या. "पहले सफ़ेद कपड़ा घर पे धोते थे," एक जण म्हणाली, "अब यहीं ले आते हैं."

फॉर्ममध्ये याला रकाना नव्हता. मंजूषाने ते समासात लिहिलं आणि खाली तारीख टाकली.