वहीत नागभीड लिहिलं होतं

माझा भाचा इंग्लंडात नोकरीला आहे. तिथे त्याच्या गावी आठवड्यातून एकदा एका हॉलमध्ये म्हातारी माणसं जमतात आणि जुन्या डिझेल इंजिनांचे फोटो पडद्यावर दाखवतात. कुणी फोटो आणतं, कुणी आठवणी सांगतं, आणि मग एखाद्या इंजिनाचा नंबर सहा होता की आठ यावर तासभर वाद होतो. भाचा लहानपणापासून गाडीवेडा, त्यामुळे तो तिथला सगळ्यात तरुण सभासद. एकदा त्याने मला एका फोटोची पुढची आणि मागची अशा दोन्ही बाजू पाठवल्या. पुढे पावसात उभं असलेलं हिरवं इंजिन. मागे पेनाने लिहिलेला इंजिनाचा नंबर, स्टेशन, गाडी कुठून कुठे चालली होती ते, आणि शेवटी दोन शब्द. ते अक्षर मला लागेना, भाच्याने अर्थ कळवला: चहा संपला.

मी हसले. मग बराच वेळ तो फोटो बघत बसले.

मी गोंदियाला लागून असलेल्या कुडव्यात राहते. अर्जुनी मोरगावच्या शाळेत एकोणीस वर्षं गणित शिकवलं आणि ती एकोणीसही वर्षं गोंदियाहून रोज अपडाऊन केलं. आमची लाइन एकेरी, वर तारा नाहीत, गाडीला डिझेल इंजिन. सकाळी साडेसातची पॅसेंजर दक्षिणेकडे निघायची तेव्हा ऊन डाव्या खिडकीतून यायचं. संध्याकाळी परतताना गाडीचं तोंड उत्तरेला, सूर्य पश्चिमेला, म्हणजे ऊन पुन्हा डावीकडूनच. माझा डावा गाल उजव्यापेक्षा काळा होता आणि शाळेतल्या बाया त्यावरून मला चिडवायच्या. सौंदड सोडल्यावर इंजिन जोर लावायचं तेव्हा बाकं थरथरायची, काळा धूर मागे येऊन खिडकीवर बसायचा, आणि पातळाला तो वास रात्रीपर्यंत राहायचा. ड्रायव्हर लोक आम्हाला ओळखायचे. धावत येताना दिसलो तर अर्धा मिनिट थांबायचे. एकदा जंगलात इंजिन बंद पडलं. त्या दिवशी शाळेत परीक्षा होती आणि पेपर माझ्या पिशवीत होते. मी आणि पोस्टातले भाऊ, आमच्याच डब्यातले, रुळाच्या कडेने दीड तास चालत गेलो होतो.

आता तारा आल्या, खांब आले, विजेचं इंजिन आलं. गाडी चांगली चालते, माझी काही तक्रार नाही. पण त्या एकोणीस वर्षांत मी एकही फोटो काढला नव्हता. इंग्लंडातल्या कुणाचा तरी चहा संपला हे कागदावर राहिलं आणि आमचं काहीच राहिलं नाही, हे मला बरं वाटेना.

भाच्याला तसं सांगितलं तर त्याने मला इथल्या डिझेलप्रेमींच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घातलं. सगळे पुरुष. बरेचसे इंजिनियर, काही रेल्वेतून निवृत्त झालेले. मी लिहिलं की गोंदिया-बल्लारशा लाइनवरचे डिझेलच्या काळातले फोटो कुणाकडे असतील तर कृपया टाका. चार दिवस कुणी काही बोललं नाही. पाचव्या दिवशी पुण्याच्या एका निवृत्त इंजिनियरांनी एक फोटो टाकला.

तो बघून मी हातातली भाजी खाली ठेवली. छोटंसं स्टेशन, त्यात येणारं डिझेल इंजिन, फलाटावर खाकी कपड्यातला एक माणूस वेताचं मोठं कडं उंच धरून उभा. एकेरी लाइनवर पुढे जायची परवानगी त्या कड्यातून ड्रायव्हरला दिली जायची, आणि ड्रायव्हर चालत्या गाडीतून हात घालून ते उचलायचा. मागे एक डोंगर, त्याच्या माथ्यावर खाच. एक मोहाचं झाड, बुंधा दोन फाटे फुटलेला. आणि कडेला डोक्यावर टोपलं घेतलेली एक पाठमोरी बाई.

खाली लिहिलं होतं: नागभीडजवळ, सकाळची पॅसेंजर.

मी लगेच लिहिलं की हे नागभीड नाही, हे बाराभाटी आहे. ती बाई मला ठाऊक होती. हिवाळ्यात बाराभाटीला उकडलेले शिंगाडे घेऊन ती आमच्या डब्यात चढायची. शिवाय मी कारणही दिलं. सकाळची पॅसेंजर नागभीडला पोचेपर्यंत दुपार व्हायची आणि सावल्या आखूड व्हायच्या. फोटोतल्या सावल्या माणसाच्या दुप्पट लांब आहेत. म्हणजे फोटो नऊच्या आसपासचा, आणि नऊला गाडी आमच्याकडे असायची.

त्यांचं उत्तर सभ्य होतं. "मॅडम, आपल्या भावना मी समजू शकतो. परंतु माझ्या वहीत नागभीड लिहिलेलं आहे. सकाळची म्हणण्यात चूक झाली असेल, गाडी संध्याकाळची असू शकेल." त्याखाली सात-आठ जणांनी पसंतीचे अंगठे टाकले.

भावना हा शब्द मला लागला. मी सावल्यांचं गणित मांडलं होतं, त्यात भावना कुठून आली? गणिताच्या बाईला असं म्हणणं म्हणजे उत्तर न तपासताच वही परत देणं. त्या दिवशी ठरवलं, हे सिद्ध करायचं. घरात बसून होणार नव्हतं, जायलाच हवं होतं.

पोस्टातल्या भाऊंना फोन केला. तेही आता निवृत्त आहेत, गुडघे दुखतात. त्यांनी फोटो पाहिला, बाराभाटीच वाटते म्हणाले, पण जायचं नाव काढताच कुरकुरले. "बाई, कायले पाठीमागं लागल्या तुमी? नागभीड म्हना का बाराभाटी म्हना, गाडी तं गेली ना."

मी म्हटलं, गेली म्हणूनच लागले. मग ते आलेच. मोठं प्रिंट काढून घेतलं, पिशवीत दोन डबे भरले, आणि इतक्या वर्षांनी आम्ही दोघं पुन्हा सकाळच्या गाडीत समोरासमोर बसलो. मी सवयीने डाव्या खिडकीशी.

बाराभाटीला उतरले आणि प्रिंट समोर धरलं. डोंगर नव्हता. म्हणजे दूरवर रेघ होती डोंगरांची, पण फोटोतला तो जवळचा, खाच असलेला डोंगर कुठेच नव्हता. मी फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रिंट हातात धरून चालले, मग उलट चालले. भाऊ बाकावर बसून गुडघा दाबत होते. एकोणीस वर्षं ज्या स्टेशनावरून गेले त्याच्या मागे डोंगर आहे की नाही हे मला माहीत नव्हतं. मी तर सबंध ग्रुपला ठासून सांगितलं होतं.

स्टेशनाबाहेर चहाची टपरी आहे. तिथल्या माणसाला फोटो दाखवला. त्याने तो उन्हात तिरका धरून पाहिला.

"हे आमचं टेसन नोहे, बाई," तो म्हणाला. "असा पहाड इथून दिसतच नाही. देवलगावले जाऊन पाहा."

देवलगाव म्हणजे एक स्टेशन अलीकडे, गोंदियाच्या बाजूला. परतीची गाडी दुपारनंतर होती. भाऊ म्हणाले, आता घरी जाऊ, पुढल्या आठवड्यात पाहू. मला माहीत होतं, पुढला आठवडा म्हटलं की ते राहून जातं. टपरीवाल्याच्या ओळखीची एक ऑटो मिळाली. रस्ता खराब. खड्डा आला की भाऊ माझ्याकडे बघायचे.

देवलगावच्या फलाटावर पाय ठेवला आणि मान वर केली तर डोंगर समोर. खाच जशीच्या तशी. आता मध्ये विजेच्या तारा होत्या, पण डोंगर तोच. मोहाचं झाडही सापडलं. तारांसाठी त्याचा एक फाटा कापला होता, दुसरा उभा होता. मी प्रिंट उंच धरून एक एक पाऊल मागे सरकत गेले, शेवटी डोंगराची खाच झाडाच्या बरोबर उजवीकडे आली. मग खाली बघितलं. फोटो काढणारा इथेच उभा असणार. भाऊंनी माझा तिथे उभी असतानाचा फोटो काढला, पुरावा म्हणून.

मी चुकले होते, एका स्टेशनाने. पुण्याचे इंजिनियर चुकले होते, पार वडसा स्टेशन ओलांडून. हिशेब माझ्या बाजूचा होता, पण चूक ती चूकच. भाऊ म्हणाले की आता हे सांगायची काही गरज नाही, देवलगाव म्हणून टाकून द्या. मी म्हटलं, नाही, आधी बाराभाटी म्हटलं होतं हेही लिहीन.

मग ती बाई. ती बाराभाटीची माझी शिंगाडेवाली नसणार हे उघडच झालं होतं. तरी गावात विचारलं. एका घरापुढे बायका धान पाखडत होत्या. त्यातल्या एकीने फोटो पाहून सासूला हाक मारली. सासू आतून आली, म्हातारी, पण ताठ. सुनेने तिला चष्मा आणून दिला. तिने कागद जवळ धरला, लांब धरला.

"मीच आहो हे," ती म्हणाली.

पाठमोरी असून कसं ओळखलं, असं मी विचारलं. तिने टोपल्याखालच्या चुंबळीवर बोट ठेवलं. चुंबळ लाल होती. नवऱ्याच्या फेट्याची केली होती, सांगितलं तिने, आणि तसल्या लाल कापडाची दुसऱ्या कोणाची नव्हती. मी प्रिंटवर डोळे ताणले. खरंच, सगळ्या मळकट रंगांत तो एकच ठिपका लाल होता.

मग तिने मला विचारलं, "पन पाठूनच काऊन काढला त्यानं? तोंड नव्हतं का मले?"

त्याला इंजिन हवं होतं, एवढं म्हणाले. ते तिला पटलं नाही आणि खरं तर मलाही पटलं नाही.

तिने बसायला खाट टाकायला लावली आणि सांगत गेली. तलावातून शिंगाडे काढायचा नवरा, उकडायची ती. पहाटे चूल पेटवली की नऊच्या गाडीला टोपलं तयार व्हायचं. कडं धरून उभा असलेला माणूस छत्तीसगडकडचा होता, त्याला ती झंडीवाला म्हणायची. तो गाडी दिसायच्या आधीच रुळाकडे कान देऊन सांगायचा की येऊन राहिली, आणि ती उठून उभी राहायची. त्याच्या मोकळ्या हातावर ती पहिले चार शिंगाडे ठेवायची. पुढे त्याची बदली झाली. कुठे, ते तिला कुणी सांगितलं नाही. त्याचं घरचं माणूसही कधी इकडे आलं नव्हतं. गाडीत शिंगाडे विकणं तिने गुडघ्यांमुळे सोडलं. गुडघ्यांचा विषय निघाल्यावर भाऊ एकदम मोकळे झाले आणि दोघांचं औषधांवर बरंच बोलणं झालं.

निघताना ती म्हणाली की आता तोंडाकडून काढा. मी फोन काढला तर तिने हात आडवा केला. इथे नाही, टेसनावर. सुनेने नवं लुगडं आणलं, ते तिने नको म्हटलं, पण टोपलं मात्र मागितलं. काठी टेकत ती फलाटावर आली, मोहाच्या झाडापाशी उभी राहिली, रिकामं टोपलं डोक्यावर घेतलं, आणि सरळ माझ्याकडे बघितलं. हसली नाही. मी चार फोटो काढले. तिने चारही बघितले आणि तिसरा ठेवायला सांगितला.

घरी येऊन मी ग्रुपवर सगळं टाकलं. डोंगराचा आजचा फोटो, झाडाचा, आणि तिचा, तिसरा. खाली लिहिलं की मी बाराभाटी म्हटलं होतं, ते चूक. हे देवलगाव. फलाटावरचा माणूस छत्तीसगडचा, नाव मिळालं नाही. टोपलंवाली बाई हीच, आणि तिची तक्रार आहे. तक्रारही तिच्याच शब्दांत लिहिली.

या वेळी अंगठे आले नाहीत. संध्याकाळी पुण्याहून थेट फोन आला. आवाजावरून ते माझ्याच वयाचे वाटले. त्यांनी ती वही पुन्हा काढून बघितली होती. त्या दौऱ्यात दोन रोल झाले होते आणि दुसऱ्या रोलची पानं त्यांनी घरी पोचल्यावर नुसत्या आठवणीवरून भरली होती. "नागभीड मी अंदाजाने लिहिलं," ते म्हणाले. "मग इतकी वर्षं तेच वाचत राहिलो." मग त्यांनी विचारलं, त्या बाईंना मोठा फोटो करून पाठवला तर त्या घेतील का. मी म्हटलं, तोंडाचा घेतील, पाठीचा घेतील असं वाटत नाही. ते हसले, पण मोकळं हसले नाहीत. मी त्या दिवशी फलाटावर तासभर होतो, म्हणाले, आणि तिच्याकडून शिंगाडेही घेतले होते. चव आठवते, चेहरा आठवत नाही.

त्यांच्याकडे आमच्या लाइनचे आणखी तीसेक निगेटिव्ह निघाले. सगळे दुसऱ्या रोलचे, म्हणजे एकाही जागेची खात्री नाही. दिवाळीनंतर ते पत्नीला घेऊन गोंदियाला आले. माझ्या पुढच्या खोलीत आम्ही प्रिंटं जमिनीवर पसरली. पोस्टातले भाऊ खुर्चीवर, कारण त्यांना खाली बसता येत नाही. मी सावल्या मोजत होते, इंजिनियर इंजिनाचे नंबर वाचत होते, भाऊ फलाटावरची माणसं ओळखत होते. इंजिनियरांच्या पत्नीने पहिल्याच तासात आम्हा तिघांना एक नियम घालून दिला. जागा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पेनाने लिहायचं नाही, तोवर पेन्सिल. जेवणापर्यंत नऊ जागांवर आमचं एकमत झालं, त्यातल्या दोनांवर भाऊंनी दुपारी पुन्हा शंका काढली. सालेकशाच्या बाजूचा, म्हणजे दुसऱ्याच लाइनवरचा, एक फोटोही चुकून यांत आलेला आहे असं मला वाटतं, इंजिनियरांना वाटत नाही. जागा पाहायला परवा सकाळच्या गाडीची दोन तिकिटं मी काढून ठेवली आहेत. भाऊ अजून हो म्हणालेले नाहीत.