चार मिनिटांचा पियानो

जयसिंगरावांना डाव्या कानानं ऐकू येत नसे, आणि गेली तीस वर्षं ते बेंगळूरच्या कँटोन्मेंटातले पियानो सुरात लावत होते. घड्याळजी तरी दोन्ही डोळे कुठे वापरतो, असं त्यांचं म्हणणं.

अडचण एकच होती. उजवा कान पियानोच्या पोटात खुपसला की हात पट्ट्यांपर्यंत पोचत नसे. म्हणून त्यांच्या पत्नी अंबुबाई बरोबर जायच्या. साहेबांच्या दिवाणखान्यात नऊवारी सावरून स्टुलावर बसायच्या. आतून आवाज यायचा, ‘‘अंबू, दाब.’’ की त्या पट्टी दाबायच्या. नवऱ्याचं इतकं निमूट ऐकणारी बाई सगळ्या चामराजपेटेत नव्हती. अर्थात फक्त पियानोपाशी.

अठ्ठावन्न सालच्या श्रावणात अंबुबाई गेल्या. जयसिंगराव रडले नाहीत. नातेवाइकांनी तेरा दिवस वाट पाहिली, लाडू खाल्ले आणि जरा नाराज होऊनच परतले. जयसिंगराव जेवत, झोपत, मिशा कातरत. पियानोला मात्र त्यांनी हात लावला नाही. कामासाठी बोलावणारी पत्रं आली की ती घडी घालून कोटाच्या खिशात ठेवत आणि विसरत.

‘‘आईबरोबर अप्पांचा दुसरा कानही गेला की काय,’’ त्यांची मुलगी मथुरा घाबरली. म्हणून समाजाच्या मंडळाचे सेक्रेटरी नरसिंगराव एक दिवस घरी आले, तेव्हा तिनं वडलांना न विचारताच हो म्हणून टाकलं.

विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाचा पियानो नरसिंगरावांनी मंडळाच्या हॉलसाठी घेतला होता. मंडळात तो वाजवू शकेल असा एकही सभासद नव्हता, हे त्यांना घेतल्यानंतर आठवलं. आता त्याच्या उद्घाटनाच्या समारंभात तो जयसिंगरावांनी वाजवायचा होता.

‘‘चार मिनिटं, जयसिंग,’’ ते खिशातलं घड्याळ काढून म्हणाले. ‘‘पाचव्या मिनिटाला माझं भाषण. आणि ते क्लबातलं जॅझच पाहिजे. लोकांना कळता कामा नये, पण थक्क झाले पाहिजेत.’’

‘‘सरी, वाजवतो,’’ जयसिंगराव म्हणाले. नाही म्हणायला लागणारी ताकदही त्यांच्याकडे नव्हती.

क्लबांमध्ये बँडवाल्यांची वाट बघत बसून बसून ते जॅझ शिकले होते. घरी एक टाकाऊ पियानो होता, त्याच्यावर त्यांनी आधी एक संथ चीज वाजवली.

‘‘छान आहे,’’ मथुरा म्हणाली, ‘‘पण लोक रडतील.’’

‘‘रडू देत. कुणीतरी रडायला हवंच आहे म्हणतात.’’

मग दुसरी वाजवली. हिच्यात डावा हात तव्यावरच्या लाहीसारखा उडत होता. नरसिंगराव खुर्चीतून उठलेच. ‘‘हीच! बोटं दिसतसुद्धा नाहीत!’’

जयसिंगरावांना दोन्ही सारख्याच वाटल्या. सूर जागच्या जागी होते, एवढंच. त्यांनी दुसरी ठरवली, कारण ती चीज बोटं आपली आपणच वाजवत. माणसानं हजर असण्याची गरज नव्हती.

समारंभाच्या सकाळी ते हॉलमधला पियानो लावायला निघाले. ‘‘मी येते, पट्ट्या दाबायला,’’ मथुरा म्हणाली.

‘‘नको.’’

त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एकट्यानं पियानो लावला. हात ताणून, मान वाकडी करून, अंदाजानं.

संध्याकाळी हॉल भरला. चीज सुरू झाली, डावा हात उडायला लागला, पहिल्या रांगेतल्या शेजारीण यल्लव्वांनी तोंडात बोट घातलं. आणि अर्ध्या वाटेवर मधली एक पट्टी बेसूर वाजली. स्वल्पच. नरसिंगरावांना तर ती आवडलीसुद्धा.

जयसिंगराव थांबले. कोटाच्या खिशातून, न वाचलेल्या पत्रांखालून, त्यांनी तारा पिळायची किल्ली काढली, पियानोचं झाकण उघडलं आणि उजवा कान आत खुपसला.

‘‘अंबू, दाब.’’

काहीच वाजलं नाही.

‘‘दाब गं!’’

मथुरा खुर्चीवरून उठली, चार पायऱ्या चढली आणि तिनं पट्टी दाबली. जोरात. जयसिंगरावांची पाठ क्षणभर ताठ झाली. मग किल्ली फिरली.

‘‘अजून एकदा.’’

तार सुरात आली. लोकांना वाटलं, जॅझ असंच असतं. टाळ्यांचा कडकडाट झाला. जयसिंगरावांनी उरलेली चीज वाजवली आणि ते वाकून नमस्कार न करताच उतरले. साडेसात मिनिटं झाली होती. नरसिंगरावांनी घड्याळ कानाला लावून ते चालू असल्याची खात्री केली.

घरी जाताना घोड्याच्या जटक्यात मथुरेनं भीत भीत विचारलं, ‘‘अप्पा, कसं वाटलं?’’

‘‘काही नाही.’’

जटका दोन वळणं पुढे गेला. जयसिंगराव खिशातली पत्रं एकेक काढून उलगडत होते.

‘‘तू फार जोरात दाबतेस,’’ ते म्हणाले. ‘‘तुझी आई हळू दाबायची. उद्या सकाळी कुक टाउनला एक पियानो लावायला जायचंय. वाटेत शिकवतो.’’